नसलेल्या विहिरीचं पाणी

वत्सलाबाई, मोट ठेवायची का इंजिन बसवायचं, हे आपलं ठरायचंच राहिलं. शेवटच्या खेपेला दुसऱ्याच गोष्टीवरून भांडण झालं आणि हा विषय तसाच अर्धा पडला. तुम्ही इंजिनाच्या बाजूच्या, मी मोटेच्या. "जग कुठं चाललंय आणि मास्तर अजून बैलच हाकून राह्यलेत," असं तुम्ही म्हणायच्या. मी म्हणायचो, इंजिनाच्या भकभकीत पाखरं ऐकू येणार नाहीत, आणि पाखरं ऐकू येत नसतील तर त्या मळ्यात जाऊन उपयोग काय? आपलं बोलणं कुणी तिऱ्हाइतानं ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, या दोघांची तीर्थपुरीकडं कुठंतरी भागीदारीत बागायत आहे. कसली बागायत? माझ्या बापाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. तुमचं सगळं आयुष्य जालन्यात मस्तगडच्या गल्लीत गेलं, तिथं तुळशीच्या कुंडीपलीकडं माती दिसत नाही. तरी आपला मळा होता.

परवा तुमच्या घरी येऊन गेलो. बातमी मला भोकरदनला उशिरा कळली. ज्या कंडक्टरच्या खांद्याचं ड्रेसिंग तुम्ही केलं होतं ना, त्यानं एसटी थांबवून सांगितलं, "मास्तर, आपल्या सिस्टरबाई गेल्या की." तोवर सगळं उरकलं होतं. दार तुमच्या भावानं उघडलं. दत्तूभाऊ मला काय म्हणाले ते सांगतोच, पण आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धं टाकून जायची सवय तुमची नव्हती.

तुम्हाला मी पहिल्यांदा दिसलो तो ट्रकमधून उतरवलेला. बहात्तरचा दुष्काळ. मॅट्रिक होऊन मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतो, कारण मॅट्रिकला कुणी विचारत नव्हतं आणि खडीला विचारत होते. वरून एक धोंडा घरंगळत आला तो नडगीवर. घरी हळद लावून, चिंध्या बांधून पाहिलं. ताप हटेना तेव्हा जालन्याला आणलं. हाडात पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, जखम रोज उघडून आतपर्यंत साफ झाली तर पाय राहील, नाही तर गुडघ्याखाली काढावा लागेल. आणि मी तर कुणाला पायाला हात लावू देत नव्हतो. तुमच्या हातात चिमटा दिसला की पाय आपोआप झटका मारायचा. दोन माणसं धरायला लागायची आणि तरी जखमेत भरलेली निम्मी पट्टी आतच राहायची. दुखणं मारायचं इंजेक्शन होतं, पण ते ऑपरेशनवाल्यांसाठी राखून ठेवलेलं. माझ्या वाट्याला आलात तुम्ही.

तुमची तऱ्हा अख्ख्या वॉर्डाला ठाऊक होती. ड्रेसिंगच्या आधी गुडघ्यावर हात ठेवायच्या, श्वास हळू घ्यायला लावायच्या, डोळे मिटायला सांगायच्या आणि पेशंटला दुसरीकडं घेऊन जायच्या. तुमच्या ट्रेनिंगच्या मेट्रनबाईंनी शिकवलं होतं म्हणे. त्या नदी सांगायच्या, तुम्ही नदीची विहीर केली, कारण आमच्याकडं नदीला पाणी असतं किती दिवस? दुखणार नाही, असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. मला म्हणालात, "दुखणार हाय. पण ते दुखताना तुम्ही इथंच हजर राह्यलं पायजे असं काही न्हाई."

मग सुरू झालात. "डोळे मिटा. आपल्या गावची विहीर आठवा. ऊन लई झालंय, घसा सुकलाय. तुम्ही पायऱ्या उतरून राह्यलेत. पहिली पायरी. तळव्याला गार लागून राह्यली. दुसरी. अजून गार."

तिसऱ्या पायरीला मी असा ओरडलो की बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं आत आली. ट्रे उडाला, बाटली फुटली, तुमच्या पांढऱ्या साडीवर औषधाचे डाग पडले. तुम्ही पुढं कितीतरी वर्षं मला चिडवायच्या, "चिमटा तर लागला पण नव्हता हो अजून."

दुसरी एखादी सिस्टर चिडली असती. तुम्हीही चिडलाच, पण तुमचं चिडणं दुपारपर्यंत संपलं. जेवणं झाल्यावर स्टूल घेऊन माझ्या खाटेपाशी बसलात. पाय का झटकला, असं विचारलं नाहीत. विचारलंत, "काय झालं तिथं, विहिरीत?"

मी तापट माणूस. आधी भिंतीकडं तोंड केलं. मग सांगितलं. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, माणिकरावांची, रस्त्याकडंची. माझी आई घागर घेऊन लांब उन्हात उभी राहायची. वरच्या आळीतल्या एखाद्या बाईला दया आली की ती वरून ओतायची, तेही घागरीला पोहरा न लावता. आम्ही छप्पन्न साली बौद्ध झालो आणि मग तेही बंद झालं. आई नदीच्या वाळूत झिरा खोदून वाटीवाटीनं पाणी भरायची. मी तेव्हा लहान होतो. एकदा दुपारी विहिरीवर कुणी नाही असं पाहून पायऱ्या उतरलो. पहिली पायरी गार होती, अगदी तुम्ही म्हणालात तशी. तिसऱ्या पायरीवर माणिकरावांच्या गड्यानं मागून धरलं. पुढचं मी तुम्हालाही सगळं सांगितलं नव्हतं आणि आजही सांगत नाही.

तुम्ही बराच वेळ साडीवरचा डाग नखानं खरवडत बसलात. मग म्हणालात, "इतक्या जणांना उतरवलं मी त्या विहिरीत. एकालाही विचारलं न्हाई, की बाबा, विहीर तुमची हाय का." आणि स्टूल उचलून गेलात. माफी वगैरे मागितली नाहीत. मला ते फार बरं वाटलं, बाई. माफी मागितली असती तर मला 'जाऊ द्या' म्हणावं लागलं असतं, आणि ते तोंडातून निघालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे घेऊन आलात आणि म्हणालात, "आज मी काही सांगणार न्हाई. आज तुम्हीच मला न्या. कुठं न्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. फक्त रस्ता सांगत चला, मला ठेच लागायला नको."

मी डोळे मिटले आणि घाबरलो. न्यावं कुठं? गावातलं जे आठवावं ते दुसऱ्याचं. झाड दुसऱ्याचं, त्याची सावली दुसऱ्याची, बांधही दुसऱ्याचा. आमचं म्हणावं असं काही सापडेना आणि तुमचा चिमटा तर वाजायला लागला. मग मी सरळ बनवलं. "तीर्थपुरीच्या रस्त्यानं चला. मोठी चिंच लागंल. तिथून डावीकडं वळा."

"वळले."

"काट्याची कवाडी हाय. हळू सरकवा, काटा लागंल."

"सरकवली. कुणाची हाय कवाडी?"

"माझी," मी म्हणालो. बाई, तो शब्द मी जमिनीच्या बाबतीत जन्मात पहिल्यांदा उच्चारला. त्याच क्षणी तुम्ही आतली सगळी पट्टी ओढून काढली होती. दुखलं नाही असं नाही. पण कवाडी धरून उभा राहिलेला माणूस पाय झटकत नाही, एवढं खरं.

तिथून पुढं रोज. तुम्ही मागं, मी पुढं. पायाखाली काय हाय? भुसभुशीत माती. वास कशाचा येऊन राह्यला? ओल्या मिरचीच्या वाफ्याचा. वारा कुणीकडून? मी कुठं अडखळलो की दुखणं लगेच वर यायचं, आणि तुम्हाला ते माझ्या गुडघ्यावर ठेवलेल्या हाताला कळायचं. मग तुम्ही जल्दी विचारायच्या, "ही वाट कुठं गेली?" वाट मला तोवर ठाऊक नसायची. विचारल्यावर सापडायची. अशानं मळा वाढत गेला. एक दिवस मी आंब्याला मोहर आणला तर तुम्ही हात थांबवून म्हणालात, "श्रावणात मोहर? बिलकुल चालणार न्हाई." एवढा पू निघत होता आणि आपण मोहरावरून वाद घालत होतो. तुम्हाला मोगरा हवा होता, मला ती जागा मिरचीला हवी होती. शेजारच्या खाटेवरचा मोसंबीवाला म्हातारा कान देऊन ऐकायचा. तो म्हणाला, एवढी चांगली जमीन आहे तर मोसंबी लाव. मी म्हणालो, मोसंबीला पाणी किती लागतं. यावर तुम्ही हसत म्हणालात, "अहो, पाणी तर तुमच्या तोंडात हाय. किती बी लावा."

मग मी विहीर खणली. दुष्काळाचं साल, जालन्यात माणसं टँकरमागं पळत होती, आणि माझ्या विहिरीला वरपर्यंत पाणी. पायऱ्या मी ठेवल्या नाहीत. दोर, पोहरा, काठावर एक तांब्या. पहिलं पाणी तुम्हाला दिलं. तुम्ही प्यायलात, आणि खरोखर घोट घेतल्याचा आवाज केलात. मोसंबीवाला म्हणाला, "मला बी द्या थोडं." त्यालाही दिलं.

पाय राहिला. डॉक्टरांनी नडगी दाबून पाहिली आणि म्हणाले, आता काढायची गरज नाही. पाय औषधानं वाचला का मळ्यानं, असं मी तुम्हाला विचारलं होतं. "औषधानं," तुम्ही म्हणालात. "मळ्यानं फक्त औषधाला आत जाऊ दिलं." मी अजून थोडा लंगडतो. शाळेतली पोरं मागून नक्कल करतात, आणि मी पाहिलं न पाहिलं करतो. पण दोन पायांवर उभा राहून फळ्यावर लिहितो, ते तुमच्यामुळं.

भोकरदनला मास्तरकी लागली तशा तुम्ही मला 'कचरू'वरून 'कचरू मास्तर' म्हणायला लागलात. कामानं जालन्याला आलो की मस्तगडला तुमच्याकडं चहा ठरलेला. दत्तूभाऊ बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे आणि पेपरातून डोकं वर काढायचे नाहीत. तुम्ही मला आत स्वयंपाकघरात बसवायच्या, तुमच्या स्वतःच्या कपात चहा द्यायच्या, आणि मग मळ्याच्या गोष्टी. दुखणं गेलं होतं तरी मळा होताच. मी शाळेत शिकवायला लागल्यापासून 'नाही' म्हणतो, यावरून तुम्ही चिडवायच्या. "लई शुद्ध झालेत आमचे मास्तर. मळ्यात तरी 'न्हाई' म्हणा, बैलांना कळायला पायजे." मला बहीण नाही. असती तर तिच्याकडं मी असाच गेलो असतो, हे तुम्हाला कधी बोललो नाही.

आता भांडण.

मागच्या उन्हाळ्यात चहा ओतता ओतता तुम्ही सहज म्हणालात, "तुमचे माणिकराव आमच्या वॉर्डात होते. इंजिनाच्या पट्ट्यात हात गेल्ता. रोजच्या ड्रेसिंगला लहान लेकरावाणी रडायचे."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. त्यांना आपल्या मळ्यात नेलं."

मी कप खाली ठेवला. तुम्ही मळ्यात इतरांना नेत होतात, हे मला ठाऊक होतं. मोसंबीवाल्यापासूनच ते सुरू झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. पण माणिकराव?

तुम्ही सांगत राहिलात. चिंचेपासून डावीकडं, कवाडी, मिरचीचा वाफा, विहीर. विहिरीपाशी त्यांनी विचारलं, कुणाची विहीर? तुम्ही लपवलं नाहीत. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, सगळं सांगितलंत. ते तिथंच अडले, हात पुन्हा दुखायला लागला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही शेंदून द्या." म्हणजे विहीरच नाही, पाणीच नाही, सगळा मनाचा कारभार, आणि त्यातही त्यांना माझा दोर नको होता. तुम्ही म्हणालात, दोर तिथंच आहे, तुमचं तुम्ही शेंदा. एका हातानं कसं शेंदू, ते म्हणाले. मग मास्तरला हाक मारा.

"आणि मारली त्यांनी," तुम्ही म्हणालात. तुमचा चेहरा फुलला होता. "हळूच मारली, पण मारली."

"मला ऐकू आली न्हाई," मी म्हणालो.

तुम्हाला वाटलं मी थट्टा करतोय. मी थट्टा करत नव्हतो. तुम्ही म्हणालात, दुखणं सगळ्यांचं सारखंच असतं मास्तर, चिमट्याला जात कळत नाही. मी म्हणालो, चिमट्याला कळत नसेल, विहिरीला कळते. माझ्या मालकीची या जगात एकच गोष्ट होती, तीही नसलेली, आणि ती तुम्ही मला न विचारता त्या माणसाला दिलीत. त्याची खरी विहीर अजून तिथंच आहे. ती आम्हाला कधी मोकळी झाली? तिच्यावरून त्यानं कधी हाक मारली? मी उठलो आणि बोललो, ते शब्द तसेच्या तसे आठवतात. "माझ्या विहिरीवर यायचं असंल तर इथून पुढं विचारून यायचं. सगळ्यांनी. तुम्ही सुद्धा."

तुम्ही एवढंच म्हणालात, "बराबर हाय."

चहा तसाच ठेवून मी निघालो. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही, बाई. तुम्ही गेलात म्हणून मी तुमचं म्हणणं खरं करणार नाही, तसं केलेलं तुम्हालाही आवडलं नसतं. दुखणं सारखं नसतं. यावर तुमचं काहीतरी उत्तर असणार, आणि ते मला ऐकायचं होतं. दिवाळीनंतर जाऊ, मग संक्रांतीनंतर जाऊ, असं करत राहिलो. भांडण कुठं पळून जातंय, असं वाटायचं. तुमच्या पोटात कसली गाठ वाढत होती ते तुम्ही कळवलं नाहीत. कळवायला हवं होतं. त्याचा मला राग आहे आणि तो राहणार.

तर परवा. दत्तूभाऊंनी मला बाहेर उभं ठेवलं नाही. आत नेलं, तुमच्या स्वयंपाकघरात बसवलं, स्वतः चहा केला. फार गोड केला. मग माझ्यासमोर पाटावर बसून म्हणाले, "मास्तर, तुमचा मळा कुठं हाय? मला एकदा बघायचाय."

माझ्या उत्तरासाठी ते थांबले नाहीत. तसेच पुढं सांगत गेले. शेवटी शेवटी इंजेक्शनचा असर टिकत नव्हता. दत्तूभाऊ तुमच्या पायाशी बसून म्हणायचे, वत्सला, चल तुळजापूरला जाऊ, लहानपणी गेलतो तसं. तुम्ही मान हलवायच्या. "न्हाई. मला कचरू मास्तरच्या मळ्यात ने." ते म्हणाले, मला रस्ता ठाऊक नाही. "मंग मी सांगते. तू नुसतं 'पुढं' म्हण."

"मी म्हणायचो पुढं," दत्तूभाऊ म्हणाले. "ती सांगायची. चिंच आली. कवाडी आली. इथं मोगरा लावायचा होता, पण मास्तर लावू देत न्हाई. कळा चालू असायच्या, आणि तोंडावर हसू. मंग विहीर यायची. तोंडाला कोरड पडलेली असायची तिच्या. मी म्हणायचो, पी आता पाणी. तर म्हणायची, न्हाई दत्तू, मास्तरला विचारलं न्हाई अजून. मी उभी राहते इथंच. येतीलच ते." त्यांनी डोळे पुसले. "रोज तिथंच थांबायची. पुढं कधी गेलीच न्हाई. तिनं पाणी का घेतलं न्हाई, मास्तर? तुम्ही काय बोलला होता तिला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना रडलो. त्यांच्या देखत, तुमच्या चुलीपुढं बसून.  ते नुसता माझा कप भरत राहिले.

बाई, ते मी माणिकरावांसाठी बोललो होतो. रागाच्या भरात तुम्हालाही त्यात ओढलं, आणि तुम्ही ते शब्दाला शब्द धरून पाळलंत. माझी आई उभी राहायची तशा तुम्ही उभ्या राहिलात, कुणीतरी येईल आणि पाणी देईल म्हणून. एवढ्या दुखण्यात, एवढ्या कोरडीत, आणि तेही माझ्या विहिरीवर. मला याहून मोठा मान कुणी दिला नाही आणि याहून मोठी शिक्षाही कुणी दिली नाही.

दत्तूभाऊंना मी म्हणालो आहे, मळा दाखवतो. पुढच्या खेपेला येईन, त्यांनी डोळे मिटायचे, मी पुढं चालेन. मोगरा मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी लावला आहे, तुम्हाला हवा होता तिथंच. इंजिनही बसवू. दुपारचं तेवढं बंद ठेवायचं, पाखरांसाठी. माणिकराव आलेच तर काठावर थांबून मोठ्यानं हाक मारतील, मला ऐकू येईल अशी. त्यावर आपलं भांडण चालू ठेवायला माझी हरकत नाही.

आज शाळा सुटल्यावर पाय ठणकत होता. खुर्चीतच डोळे मिटले. चिंचेपासून डावीकडं वळलो, कवाडी सरकवली. तुम्ही विहिरीपाशी उन्हात उभ्या होतात, पदर डोक्यावर घेऊन. मी पोहरा सोडला, भरला, वर घेतला. वरून ओतला नाही. तांब्या भरून तुमच्या हातात दिला.

प्या, बाई. तुम्हाला विचारायचं काम न्हाई.